बरं, मग मराठीत

सभेत बोलायला उठले की ते आधी चष्मा काढत, शर्टाच्या टोकाने पुसत, पुन्हा नाकावर चढवत आणि समोर बसलेल्या प्रत्येकाकडे बघून घेत. डावीकडून उजवीकडे, एकही चेहरा न गाळता. मग तीन वाक्यं बोलत. ती आमच्यापैकी कोणालाही कळत नसत. मग थांबत. असे थांबत, की हॉलमधला तिसरा पंखा खडखडतो हे आम्हाला त्यांच्यामुळेच कळलं. शेवटी मान हलवून म्हणत,

“कोणी नाही. बरं, मग मराठीत.”

आणि पाण्याच्या टाकीच्या गळतीवर बोलायला लागत.

मंडळी, मी धंद्याने निवेदक आहे. साखरपुडे, एकसष्ट्या, पुस्तकप्रकाशनं, गॅदरिंगं, जिथे माईक आणि जेवण दोन्ही आहे तिथे मी आहे. आमच्या धंद्यात शांतता म्हणजे अपघात. माईकवर पोकळी पडली की मी तिच्यात चारोळी, विनोद, प्रायोजकाचं नाव, हाताला लागेल ते कोंबतो. आणि हे गृहस्थ, माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर राहणारे, आयता माईक मिळाल्यावर मुद्दाम पोकळी पाडायचे! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात शिवशिवले. ‘काही तांत्रिक अडचणीमुळे’ असं म्हणत मी जवळजवळ उठलोच होतो. बायकोने सदऱ्याला धरून खाली बसवलं.

आमची सोसायटी कर्वेनगरात. आमचे सेक्रेटरी म्हणजे पुण्याचा अर्क. त्यांच्या जिभेखाली कायम एक लिंबू असतं. पहिल्याच सभेत ते म्हणाले, “वकीलसाहेब, दोन मिनिटं शांतता माणूस गेल्यावर पाळतात. आपल्याकडे कोण गेलंय?”

“अजून कोणी आलंच नाहीये,” वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. “तेच बघतोय.”

शिवाजीनगर कोर्टात ते वकिली करत. मोठे वकील नव्हेत. भाडेकरार, वारसनोंदी, प्रतिज्ञापत्रं. आठवड्यातून एकदा एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायला जात आणि त्यातलं एकच प्रकरण जीव ओतून शिकवत: भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, त्यामुळे वर्गात कोणी बसत नसे. ते मात्र रिकाम्या बाकांपुढेही सगळं प्रकरण संपवून येत.

जन्म यवतमाळच्या पार टोकाला, तेलंगणाच्या हद्दीजवळच्या एका पोडावर. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. घरची भाषा कोलामी. पुढे आश्रमशाळा, वसतिगृह, पुण्यात वकिलीचं शिक्षण आणि सदाशिव पेठेतली बायको.

“एवढ्या लांबून येऊन नेमकी सदाशिव पेठ?” मी एकदा विचारलं.

“धोक्यात आलेल्या जमातींनी एकमेकांना धरून राहावं,” ते म्हणाले. आतून वहिनींनी भांडं आपटल्याचा आवाज आला.

त्या तीन वाक्यांचा अर्थ मी विचारून घेतला होता. पहिलं: बसा, बरे आहात ना. दुसरं: मी अमक्या पोडाचा, अमक्याचा मुलगा. तिसरं: इथे आपलं कोणी आहे का?

हे फक्त सोसायटीत नव्हे हं. लग्नात शुभेच्छा द्यायला स्टेजवर बोलावलं तरी तेच. वधूवर हार सावरत उभे, फोटोग्राफर खोळंबलेला, कॅटररने गुलाबजाम पाकातून काढलेले, आणि हे अक्षतांच्या ढिगातून पाहुण्यांचे चेहरे तपासतायत. दातांच्या दवाखान्यात तोंडात कापूस असताना त्यांनी वेटिंग रूमला हा प्रश्न विचारलेला मी या कानांनी ऐकला आहे. तिथे एक आजी म्हणाल्या, “अहो, भूल उतरेपर्यंत गप्प बसा थोडं.”

मी त्यांची नक्कल करायचो. माझा पोटाचा धंदाच तो. चष्मा, नजर, थांबणं, सगळं हुबेहूब. वाक्यांच्या जागी मी ओठ हलवून काहीतरी पुटपुटायचो. गणेशोत्सवात या नकलेला वन्समोअर मिळाला. ते पहिल्या रांगेत होते. हसून हसून डोळे पुसत म्हणाले, “थांबणं फार छान जमलंय तुम्हाला.”

पण हे सगळं कशासाठी? कर्वेनगरात कोलामी बोलणारं कोण भेटणार? मी तसं विचारल्यावर त्यांनी मला मनगटाला धरून सोसायटीच्या बागेत नेलं. तिथे मुलांची सी-सॉ होती, लाल रंग उडालेली. धोतर नव्हे, इस्त्रीची पॅन्ट घातलेला हा साठीचा माणूस तिच्या एका टोकावर जाऊन बसला. गुडघे हनुवटीपाशी आले.

“अहो निवेदक, जगातल्या देशांनी मिळून करार केलाय. आपल्या देशानेही मान्य केलाय. भाषेने थोड्या असलेल्या माणसांना आपली भाषा वापरण्याचा हक्क नाकारायचा नाही. पण नुसतं एवढंच नाही लिहिलं. आपल्या गटातल्या इतरांच्या सोबतीने वापरण्याचा हक्क, असं आहे. सोबतीने! आता बघा. हा माझा हक्क. शाबूत आहे, गंजलेला नाही, कोणी हिरावला नाही. हलतोय का?”

सी-सॉ अर्थातच हलत नव्हती.

“हक्क एकट्याचा असतो,” ते खालूनच म्हणाले, “पण वापरायला दोघं लागतात.”

हे वाक्य आम्ही पुढे हजारदा ऐकलं. मी म्हटलं, पोडावर जाऊन बोलत जा की वर्षातून एकदा. ते म्हणाले, “जातो ना. पुतणे वऱ्हाडीत बोलतात. भावाची बायको होती तोवर त्या घरात कोलामी होती. आता टीव्ही आहे. आजूबाजूच्या पोडांवर बोलतात अजून, भाषा मेलीबिली नाही हो. पण मी इथे आहे ना. आणि आमच्या भागातली माणसं किती येतात पुण्यात! होस्टेलात असतील, कारखान्यात, बांधकामावर. एक तरी असेल. तो समोर बसलेला असायचा, आणि मी विचारायचंच राहून जायचं, असं नको. म्हणून आधी विचारून घ्यायचं. मग मराठी आहेच.”

त्यांना एवढंच हवं होतं. या शहरात एकदा, एका माणसाने त्यांच्या तिसऱ्या वाक्याला उत्तर द्यावं. बस.

फेब्रुवारीत सोसायटीत मराठी दिन होतो. साड्या, फेटे, पुरणपोळी, आणि मराठीचं काय होणार या विषयावर सर्वांनी एकमेकांना घाबरवण्याचा कार्यक्रम. त्या वर्षी सेक्रेटरींनी हुंदका देण्याइतपत भाषण केलं. नातवंडं इंग्रजीत भांडतात, वॉचमन हिंदीत बोलतो, पिझ्झावाला तर कशातच बोलत नाही. मग वकीलसाहेब उठले. चष्मा, नजर, तीन वाक्यं, शांतता.

“अहो, आज तरी नको!” सेक्रेटरी फुटलेच. “मराठीचा दिवस आहे हो आज!”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “तुम्हाला जी भीती वाटतेय ना, ती आमच्या घरी फार जुनी पाहुणी आहे. तुमच्याकडे नवीन आहे म्हणून तिची ओळख करून देतो. तिला बसायला द्या. लवकर जात नाही ती.”

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणाला कळेना. मी माईक घेतला आणि पुरणपोळी तयार असल्याचं जाहीर केलं.

आता खराडीची गोष्ट. इथून पुढे मला फार गमती करता येणार नाहीत, सांगून ठेवतो.

एका डॉक्टरीणबाईंच्या साखरपुड्याचं निवेदन मी केलं होतं. त्या खराडीतल्या एका छोट्या रुग्णालयात होत्या. एके दुपारी त्यांचा फोन आला. जवळच आयटी पार्कची नवी इमारत उभी राहत होती. तिथली एक मजूर बाई तापाने फणफणलेली मुलगी घेऊन आली होती. काही विचारलं तर बोलत नाही. मराठी झालं, हिंदी करून झालं, तेलुगू येणारा वॉचमन आणून झाला. मुलीशी मात्र हळूच काहीतरी बोलते, ते कोणालाच कळत नाही. मुकादम म्हणतो, यवतमाळकडची आहे. “साखरपुड्यात तुम्ही ज्यांची नक्कल केलीत ते काका खरे आहेत ना? आणता का त्यांना?”

मी जिना चढून त्यांना सांगितलं. ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. पांढरा शर्ट, गळ्यात वकिलांचा पांढरा बँड, काळा कोट. कोर्टाला सुट्टी होती.

“नवरदेव, वरात निघू द्या,” मी म्हटलं.

“चेष्टा नको,” ते म्हणाले. “आजारी माणसाला त्याला कळेल त्या भाषेत विचारलं गेलं पाहिजे. मी तिच्या भाषेचा प्रतिनिधी म्हणून जातोय. नीटच जायला हवं.” वहिनींनी खाली वाकून त्यांच्या कोटाच्या कडेचा दोरा तोडला. गाडी गेटबाहेर पडेपर्यंत त्या गॅलरीत उभ्या होत्या.

रस्ताभर ते पुटपुटत होते. तीच तीन वाक्यं. इतकी वर्षं रोज म्हटलेली वाक्यं माणूस पाठ का करत होता, मला कळेना. हडपसरच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, “लहान मुलीशी बोलताना आमच्याकडे वेगळा सूर लावतात. मला जमेल ना?” 

वॉर्डाच्या दाराशी ते एकदम थांबले, म्हणून मीही थांबलो. आत ती बाई मुलीच्या डोक्यावर ओली पट्टी ठेवत काही म्हणत होती. गाणं नव्हतं, बोलणंही नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. हातात धरून नुसते ऐकत राहिले. त्या चेहऱ्याची नक्कल मला कधी जमली नाही, आणि मी करूनही पाहिलेली नाही.

मग ते आत गेले, खाटेपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि बोलले. पहिलं वाक्य. दुसरं. तिसरं.

बाई गप्प झाली. तिने आधी बँड पाहिला, मग कोट, मग खाली फरशी. मुलीला तिने जवळ ओढलं. आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली,

“मले मराठी समजते जी.”

त्यांनी पुन्हा कोलामीत विचारलं, हळू, हात जोडून.

“मले ते नाही येत,” ती म्हणाली. “आम्ही नाही बोलत तसं.”

“अहो बाई, आत्ताच तर...” मी तोंड उघडलं. त्यांनी माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की पुढचे शब्द विरून गेले.

“बरं,” ते म्हणाले. “मग मराठीत.”

त्यांनी स्टूल ओढून घेतलं. ताप कधीपासून, उलटी होते का, काय खाल्लं, सगळं विचारलं. बाईने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. मुलगी पेंगत होती. निघताना बाई आमच्या मागे दारापर्यंत आली आणि कोटाकडे बघत घाईघाईने म्हणाली, “साहेब, मुकादमाले सांगू नका जी. आन् शाळेत बी नका सांगू. तिथं हसतात पोरीले. मी नाही बोलत तिच्याशी ते. आज तापानं घाबरली व्हती ना, मनून निघून गेलं तोंडातून.”

“नाही सांगणार,” ते म्हणाले.

गाडीत ते बँडची गाठ चाचपत बसले. मी निवेदक, मला ती पोकळी सोसेना. मी म्हटलं, खोटं बोलली हो ती.

“कोट घालायला नको होता,” ते म्हणाले. “मी मानाने घालून गेलो. तिला वाटलं कोर्टाचा माणूस आला. काळा कोट घातलेला माणूस तिच्या आईच्या भाषेत बोलायला लागला म्हणजे काय झालं असेल तिचं! चोरी पकडल्यासारखं वाटलं असेल.” मग जरा वेळाने, बँड सोडवत, “पण निवेदक, एक लक्षात आलं का? मी विचारलं कोलामीत. तिला कळलं म्हणूनच ती नाही म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी उत्तर दिलं.”

मी म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ. तुम्ही साधा सदरा घाला, मी मुलीसाठी फुगे आणतो. काम संपून ती माणसं तिकडे लोणी काळभोरला दुसऱ्या साइटवर गेली तर तिथे जाऊ. शोधून काढू.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात हेही आहे. हक्क वापरला म्हणून कोणाचं वाईट होता कामा नये. आणि नाही वापरला, तरीही. वर्गात मी हे नेहमी भरभर उरकायचो. वाटायचं, कोण कशाला नाही वापरणार?”

त्यानंतरच्या वार्षिक सभेत टाकीचा विषय निघाला. ती टाकी अजूनही गळत होती, गळतेय. वकीलसाहेब उठले, चष्मा पुसला, आणि थेट म्हणाले, “प्लंबर बदलावा असं माझं मत आहे.”

सभा अवघडली. सगळे थांबले होते, त्यांच्या थांबण्यासाठी. आणि तो थांबा आलाच नाही. सेक्रेटरी म्हणाले, “अहो वकीलसाहेब, सुरुवात राहिली तुमची.”

“नको आता,” ते म्हणाले.

“नको कसं? इतिवृत्तात दरवर्षी लिहितो मी. ‘प्रथेप्रमाणे अन्य भाषेत विचारणा झाली, प्रतिसाद नाही.’” खरंच लिहायचे ते. लिंबू तेच, पण त्या दिवशी आवाज आंबट नव्हता. “यंदा काय लिहू?”

“लिहा, प्रतिसाद मिळाला,” ते म्हणाले आणि खाली बसले.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. लग्नात स्टेजवर गेले की नांदा सौख्यभरे म्हणून उतरायचे. कॉलेजातलं ते प्रकरण दुसऱ्या कोणाला दिलं. मी वर जाऊन बसलो की बोलायचे, हसायचे, पण आपल्याच घरात पाहुण्यासारखे. एकदा बागेतून जाताना मी मुद्दाम सी-सॉच्या दुसऱ्या टोकावर बसलो आणि त्यांना हाक मारली. ते हसले. “तुमचं वजन जास्त आहे हो,” म्हणाले आणि पुढे गेले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. आजार थोडक्याच दिवसांचा.

शोकसभेचं निवेदन अर्थातच माझ्याकडे आलं. मला वाटलं, सभा त्यांच्या पद्धतीने सुरू करावी. ती तीन वाक्यं म्हणावीत आणि थांबावं. नाटकी कल्पना होती, कबूल. पण मला ती मनापासून हवी होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मला ती येत नाहीत. मी सोसायटीभर विचारत फिरलो. सेक्रेटरींना शेवटचा हेल आठवत होता. त्यांनी तो नाकातून म्हणून दाखवला आणि मान फिरवली. तळमजल्यावरच्या बाईंना वाटत होतं दुसरं वाक्य ‘म’ने सुरू व्हायचं. इतकी वर्षं, इतक्या सभा, आणि अख्ख्या बिल्डिंगीला मिळून एक वाक्य जुळेना.

म्हणून वर वहिनींकडे गेलो. त्या दिवाणावर बसल्या होत्या.

“मला कुठली येणार?” त्या म्हणाल्या. “लग्नानंतर शिकत होते मी. हौसेने. पहिला शब्द शिकले तो पाण्याचा. ईर. मी म्हटला की हे इतके हसायचे! माझा उच्चार म्हणे जिलबीसारखा. प्रेमानेच हसायचे हो. पण मी सोडून दिलं. मग मुलगी झाली, तिच्याशीही आपोआप मराठीच.”

थोडा वेळ त्या पदराचं टोक दुमडत बसल्या.

“शेवटी दवाखान्यात खूप बोलत होते ते. मराठी गेलीच होती निघून. माझ्याकडे बघून बोलायचे, विचारायचे काहीतरी. उत्तराची वाट बघत थांबायचे, तुम्हाला माहितीय ते कसे थांबायचे. मी नुसती हो हो म्हणत होते. हो म्हणायचं होतं की नाही, देव जाणे. एकदा फक्त ईर म्हणाले. तेवढं मला येत होतं. दिलं पाणी.”

शोकसभा आमच्याच हॉलमध्ये झाली. सेक्रेटरींनी फोटोला हार घातला. मी माईक घेतला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. समोरच्या प्रत्येकाकडे बघून घेतलं, डावीकडून उजवीकडे. वहिनींकडे सगळ्यात शेवटी.

वाक्यं नव्हतीच. म्हणून नुसता थांबलो.

तिसरा पंखा खडखडत होता. कोणी खोकलं नाही. हळूहळू एकेकाची मान दाराकडे वळली. दार उघडंच होतं, बाहेर वॉचमनची रिकामी खुर्ची दिसत होती. मी धंद्यात कधी इतका वेळ थांबलेलो नाही. शेवटी सेक्रेटरींनीच, बसल्या जागेवरून, अगदी हळू म्हटलं,

“कोणी नाही.”

पुढचे शब्द साधे होते, आमच्याच भाषेतले होते, आणि सगळ्यांना पाठ होते. ते म्हणायला कोणाचंही तोंड उघडेना.